बापाचे कर्ज आणि लेकाची सही

मागल्या आठवड्यात नवी पेठेत चहाच्या टपरीवर मोहोळकडचा एक तरुण शेतकरी भेटला. वडील जाऊन वीस दिवस झालेले. त्यांच्या किसान क्रेडिट कार्डावर पावणेदोन लाख थकलेले. म्हणाला, "साहेब, आईचं गंठण मोडायला आलोय. नाही भरलं तर माझ्या नावावर बसंल म्हणतेत." आम्ही त्याला गंठण तसेच घरी न्यायला सांगितले.

शेतकरी बंधूंनो, असा गैरसमज गावोगाव आहे. बापाचे कर्ज लेकाच्या अंगावर चढत नाही. ते बापाने मागे ठेवलेल्या मिळकतीतून फिटायचे असते. वारसाच्या वाट्याला जेवढे आले, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. मुंबई इलाख्यात असा कायदा १८६६ सालीच झाला. पुढे १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो ज्या चार जिल्ह्यांसाठी झाला, त्यात आपला सोलापूर होता. २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीनंतर तर घेतलेल्या कर्जासाठी केवळ 'पुत्राचे कर्तव्य' म्हणून मुलावर दावा चालत नाही. आईचे दागिने हे तिचे स्त्रीधन. ते बापाच्या मिळकतीत येत नाही.

म्हणून कर्ज बुडाले, असे मात्र कोणी समजू नये. सातबाऱ्यावर बोजा असेल तर जमीन बोजासकटच वारसाकडे येते. जामीनदार आणि सहकर्जदार सुटत नाहीत. व्याजही थांबत नाही.

तेव्हा आधी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेला लेखी कळवा. वडिलांच्या कार्डावर नंतर एक रुपयाही उचलू नका. मृत्यूच्या तारखेपर्यंतचा खातेउतारा मागा. त्यात ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती विमा, २० रुपये दिसले तर अपघाताचा सुरक्षा विमा असण्याची शक्यता आहे. दोन्हींची रक्कम २ लाख. विचारल्याशिवाय कोणी आणून देत नाही. साप चावून, विजेच्या धक्क्याने किंवा विहिरीत पडून मृत्यू झाला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच अर्ज करा. तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज द्या. हे सारे झाल्यावरच उरलेल्या रकमेची तडजोड बोला.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. 'नवे-जुने' करण्याच्या कागदावर तुम्ही सही केली, की बापाचे कर्ज तुमचे झाले. तिथे कायदाही सोडवू शकत नाही.

सोसायटीचे सचिव आणि तलाठी बंधूंनाही विनंती आहे. वसुलीचा आकडा मोठा खरा, पण दहाव्या-तेराव्याच्या घरात कोरे कागद नेऊ नका. आधी विम्याचा अर्ज न्या. विमा मिळाला तर वसुली आपसूक होईल आणि गंठणही घरात राहील.