लकाकी आणि झीज

खंडेनवमीला शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करण्याचा प्रघात धार, देवास व इंदूर येथील मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तलवारी केव्हाच भिंतीवर गेल्या. आता झेंडूची माळ अंगणातील मोटारीला पडते. पूजेपूर्वी गाडी उजळून घ्यावी असे गृहस्थास वाटते आणि गाडी गॅरेजात जाते. काही हौशी मंडळी पॉलिशचे यंत्र घरीच विकत आणतात. या दोघांसाठीही चार गोष्टी सांगाव्यात, असे आम्हांस वाटले.

धार जिल्ह्यातील पीथमपूर हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या चरितार्थाशी निगडित आहे. १९८० नंतरच्या दशकात फिरोदिया कुटुंबाच्या बजाज टेम्पो (२००५ पासून फोर्स मोटर्स) व किनेटिक होंडा या कंपन्यांचे कारखाने तेथे आले, १९८६ मध्ये आयशरचे मालट्रक तेथून निघू लागले आणि २०२१ मध्ये वाहनांच्या वेगचाचणीसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा मार्ग तेथे खुला झाला. अशा ठिकाणी नोकरी केलेल्यांना ठाऊक असेल की, मोटारीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्याचा कोरा सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर चढवितात; त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप. त्या वेळी सांगाड्यात तारा, रबर, गाद्या काहीच नसल्यामुळे तो सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजता येतो. तयार गाडी पुन्हा तशी भाजता येत नाही. गॅरेजातील रंगकाम ६० अंशांच्या आसपासच सुकवावे लागते. कारखान्याचा रंग एकदाच मिळतो, तो यामुळे.

हा पारदर्शक लेप किती जाड असतो? सर्वसाधारणपणे ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. उन्हापासून रंगाचे रक्षण तोच करतो. गाडीवर उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे याच लेपावर असतात. पॉलिश ते ओरखडे भरून काढीत नाही. भोवतालचा लेप घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणते. सोनाराने दागिना उजळून दिला की वजनात तूट येते, हे आपल्या गृहिणींना सांगावयास नको. मोटारीचेही तसेच आहे. फरक इतकाच, की सोन्याची तूट तराजूत कळते. लेपाची तूट मात्र छपराचा रंग उन्हाने फिका पडू लागला म्हणजे कळते.

म्हणून यंत्र निवडताना जोराकडे पाहू नये. यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. पहिले रोटरी, त्याची चकती एकाच आसाभोवती फिरते. ते झटपट काम करते, परंतु उष्णता एका जागी साठते, आणि अननुभवी हातून कडेचा रंग उडतो किंवा पत्र्यावर गोलाकार सावल्या उमटतात. दुसरे ड्युअल ॲक्शन. त्याची चकती फिरता फिरता डगमगतेही. फार दाबले तर तिचे फिरणे थांबते आणि रंग बचावतो. घरगुती वापरास आमच्या मते हेच योग्य. कोन घासण्याच्या ग्राइंडरला मात्र पॅड लावून कधीही वापरू नये. लहान ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. पॉलिशच्या कामाला याच्या पाव हिश्श्याहूनही कमी वेग पुरतो.

पॅड आणि पॉलिश ही जोडी आहे. लोकरीचे पॅड व भरड कंपाउंड पुष्कळ लेप खाते. मऊ फोम व बारीक पॉलिश एखाददुसरा मायक्रॉनच नेते. प्रथम सावलीत, धुऊन थंड केलेल्या गाडीवर, हातभर चौकोनात सर्वांत सौम्य जोडी वापरून पाहावी. तेवढ्याने भागले तर पुढे जाऊ नये. कडा व उंचवटे यांवर लेप पातळ असतो, तेथे चिकटपट्टी लावावी. ज्या ओरखड्यात नख अडकते, तो पॉलिशने जाणार नाही. त्याचा हट्ट सोडावा. जुन्या ॲम्बॅसडर किंवा पद्मिनीसारख्या गाडीवर पॅडला गाडीचाच रंग लागला, तर तिच्यावर पारदर्शक लेप नाही आणि आपण प्रत्यक्ष रंगच घाशीत आहोत असे समजावे.

स्वस्त डब्यांतील पुष्कळशा पॉलिशांत तेले असतात. ती ओरखड्यांत बसतात व गाडी दिवसभर आरशासारखी दिसते. चार धुण्यांत सारे पूर्ववत्‌ होते. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो चौकोन पुसून पाहिला की खरे-खोटे कळते. सिरॅमिक लेपही ओरखडे झाकीत नाही. खालचे जसे असेल तसे तो वर दाखवितो.

आता मूळ रोगाकडे वळू. बहुतेक ओरखडे रोज सकाळी पडतात. रात्रभर बसलेल्या मालव्याच्या धुळीवर आपण किंवा आपला गाडी पुसणारा कोरडे अथवा जेमतेम ओले फडके फिरवितो, आणि धुळीतील बारीक खडे त्या फडक्याखाली पॉलिशपेपराचे काम करतात. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची व एक फडके खळखळून काढण्याची. आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी उन्हात वाळू न देता मऊ टॉवेलने टिपावे. ज्या घरी हे होते, तेथे यंत्राची गरज वर्षानुवर्षे पडत नाही.

यंदा माळ घालण्यापूर्वी मिस्त्रीला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: यंत्र कोणते आणि डब्यात काय आहे? त्याने प्रश्नांचा राग मानला, तर गाडी धुऊन घरीच न्यावी. देवाला ती तशीही चालते.