बोटं मोकळी, मनगट गरम!

थंडीची खरेदी म्हटली की आपली यादी ठरलेली. एक जॅकेट, एखादी हूडी, मूड असेल तर स्टोल. आणि हात? हात काय, खिशात घालायचे! पण ज्यांना हात खिशात घालून बसताच येत नाही, त्यांनी काय करायचं? एसीच्या बरोब्बर खाली डेस्क मिळालेल्यांनी, पहाटे बाइकवर निघणाऱ्यांनी, नाणेघाटात टेंट ठोकणाऱ्यांनी आणि रात्री दोन वाजता शेतात पाणी भरायला जाणाऱ्यांनी?

या सगळ्यांसाठी एकच मस्त चीज आहे. लांब, रिबचे, बिनबोटांचे हातमोजे. जवळजवळ कोपरापर्यंत येणारे, मनगटाला घट्ट बिलगणारे आणि बोटं पूर्ण मोकळी ठेवणारे. दुकानात मिळतात ते बहुतेक आखूड आणि सैल. त्यामुळे या आठवड्याचा फंडा सोपा आहे, स्वतः विणा! ‘विणकाम म्हणजे आजीचं काम’ असं म्हणणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद तरी वाचावाच.

बोटं उघडी, मग ऊब कसली?

एक गंमत सांगते. आपली बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात. तिथून निघालेले दोरीसारखे स्नायुबंध बोटांपर्यंत जातात आणि कळसूत्री बाहुलीसारखी बोटं हलतात. खात्री करायची? डाव्या हातानं उजवा हात कोपराच्या थोडा खाली धरा आणि उजव्या हाताची बोटं टाइप केल्यासारखी हलवा. हललं ना काहीतरी?

शिवाय बोटांकडे जाणारं रक्त मनगटातून जातं, तेही कातडीच्या अगदी जवळून. म्हणून तर डॉक्टर नाडी तिथे बघतात. मनगट उघडं राहिलं की ते रक्त तिथेच गार व्हायला लागतं. जर्मन भाषेत अशा मोज्यांना ‘पुल्सव्हेर्मर’ म्हणतात, म्हणजे चक्क ‘नाडी गरम ठेवणारे’. लिथुआनियात तर मणी ओवून विणलेली मनगटं हा पारंपरिक पोशाखाचा भाग आहे. म्हणजे हा फॅशनवाल्यांनी काढलेला फंडा नाही. ज्यांना थंडीतही बोटांनी काम करावं लागतं, त्यांनी शोधलेली ही युक्ती आहे.

रात्रीची पाळी

आता जरा आपल्याच जिल्ह्यात येऊ. पुण्याहून नाशिक रस्त्यानं निघालात, खेड मागे टाकलंत की आंबेगाव तालुका लागतो आणि मंचरनंतर पुढे नारायणगाव, म्हणजे जुन्नर. आपल्यासाठी हा भाग म्हणजे वीकएण्ड. शिवनेरी, लेण्याद्री, भीमाशंकर, माळशेज. पण तुमच्या ऑफिसात नजर फिरवा. ओतूर, घोडेगाव, आळे, मंचर इथून आलेला निदान एक जण तरी सापडेलच. कदाचित तो तुम्हीच असाल. त्याला विचारा, गावाकडे डिसेंबरची रात्र कशी असते.

शेतीच्या पंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीनं मिळते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की कांद्याला, गव्हाला, उसाला पाणी द्यायला रात्रीच उठावं लागतं. पारा दहाच्या खाली, पाय चिखलात, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं. सरी भरली की दारं मोडायचं, पाणी पुढच्या सरीत वळवायचं. मध्येच लाइट गेली की पुन्हा मोटरीपर्यंत चालत जायचं. त्यात या दोन्ही तालुक्यांत उसाच्या आडोशानं राहणारा बिबट्या. जुन्नरजवळ माणिकडोहला खास बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावं लागलं, यावरून काय ते समजा.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्यानं २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. तरी सगळीकडची रात्रपाळी काही संपलेली नाही. हातमोज्यानं वीज दिवसा येणार नाही आणि बिबट्याही पळणार नाही, हे उघड आहे. पण गारठलेल्या बोटांतून बॅटरी निसटते. मोबाइलवरून मोटर चालू करायची तर बटण दाबलं जात नाही. बोटं झाकणारे जाड हातमोजे घातले तर खोऱ्याची पकड जाते. तिथे हवी असते बरोब्बर ही चीज, बोटं मोकळी आणि मनगट गरम.

तेच द्राक्षबागेत. नारायणगावच्या बाजूला थंडीतच घडांची विरळणी चालते. एकेक मणी बघून कात्रीनं काढायचा असतो. तेच कांद्याच्या लागणीत. वाफ्यात पाणी सोडलेलं आणि बायकांची बोटं सकाळपासून त्या गार चिखलात. या कामांत मोजा घालायचा तर तो बोटांच्या आड येता कामा नये, आणि ओल्या कामात लोकर पंजाच्या मागेच थांबलेली बरी. म्हणून विणण्याआधी ‘रंग कोणता’ हा प्रश्न बाजूला ठेवा. पहिला प्रश्न हा, की हे हात काय काम करणार आहेत?

लोकर कुठली घ्यायची?

याच भागातून पावसाळ्यानंतर धनगरांचे मेंढ्यांचे कळप फिरतात. शेतात मेंढ्या बसवल्या की जमिनीला आयतं खत मिळतं. मग त्यांचीच लोकर का वापरू नये? प्रश्न चांगला आहे, उत्तर थोडं टोचणारं आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. सणगर मंडळी तिची घोंगडी विणतात, चिंचोक्याची खळ लावतात आणि ती घोंगडी ऊन, वारा, पाऊस सगळं झेलते. मनगटाच्या नाजूक कातडीला मात्र ही लोकर खाजते. वाईट गोष्ट अशी, की घोंगडीची मागणी घटली, तसा या लोकरीचा भाव पडला. बऱ्याच ठिकाणी मेंढ्या भादरायचा खर्चही निघत नाही आणि कातरलेली लोकर टाकून दिली जाते. हातानं कातलेला दख्खनी धागा कुठे मिळालाच, तर जरूर घ्या. सुती फुल शर्टाच्या बाहीवरून चढवायचा मोजा त्यात झकास होतो.

उघड्या कातडीवर घालायचा असेल तर मरिनो किंवा मऊ मिश्र लोकर घ्या. खऱ्या लोकरीची खासियत म्हणजे ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. दवात, धुक्यात उभं राहणाऱ्यासाठी याहून चांगलं काय? बाजारात सर्रास मिळते ती अॅक्रिलिक ‘लोकर’. स्वस्त, रंगीबेरंगी, धुवायला सोपी. ऑफिससाठी एकदम ओके. पण ती जळत्या ठिणगीनं वितळून कातडीला चिकटते. त्यामुळे शेकोटीजवळ आणि कॅम्पच्या स्टोव्हजवळ नको. पुण्यात असाल तर तुळशीबाग आणि बोहरी आळी धुंडाळा. विकत घेताना लेबल वाचा, दुकानदाराच्या ‘प्युअर आहे हो’वर जाऊ नका.

गोल गोल, शिवणीशिवाय

सपाट विणून शेवटी शिवलं तर आतल्या बाजूला शिवण येते. ती टेबलाच्या कडेला घासते, बाइकच्या जॅकेटखाली रुतते. म्हणून थेट गोल विणायचं. त्यासाठी दोन्ही टोकं अणकुचीदार असलेल्या पाच सुयांचा सेट घ्या, नाहीतर लांब केबलची सर्क्युलर सुई. तिच्या केबलचा लूप बाहेर काढत विणता येतं आणि प्रवासात सुई सांडायची भीती नाही.

आणि रिब का? आईनं विणलेल्या स्वेटरची ‘बॉर्डर’ आठवा. दोन सुलट, दोन उलट. सुलट टाके पुढे येतात, उलट मागे सरतात, आणि कापड हार्मोनियमच्या भात्यासारखं आकसतं. ओढलं की पसरतं, सोडलं की पुन्हा मनगटाला बिलगतं. इलॅस्टिक नको, बटण नको, काही नको!

साहित्य असं: डबल निटिंग जाडीची १०० ग्रॅम लोकर, ८ नंबरच्या (४ मिमी) आणि १० नंबरच्या (३.२५ मिमी) सुया. आपल्याकडच्या या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, हे विसरू नका.

१. ८ नंबरवर ४८ टाके सैलसर घाला. गोल जोडताना टाक्यांची कड पिळलेली नाही ना, हे दोनदा बघा. पिळली तर नंतर उसवण्याशिवाय इलाज नाही. फेऱ्याच्या सुरुवातीला रंगीत दोऱ्याची खूण अडकवा.

२. दोन सुलट, दोन उलट असे फेरे घालत राहा. १४ सेंटीमीटर झाले की १० नंबरच्या सुया घ्या. टाके तेवढेच राहतात, पण विण घट्ट होते. हात कोपराकडून मनगटाकडे निमुळता होत जातो, तसाच मोजाही. एकही टाका कमी करायची कटकट नाही.

३. बारीक सुयांवर ८ सेंटीमीटर झाले की मनगट आलं. आणखी ३ सेंटीमीटर विणा.

४. आता अंगठा. खुणेपाशी थांबा, काम उलटं फिरवा आणि सपाट विणल्यासारखं पुढे-मागे विणा. समोर जसा टाका दिसेल तसाच घाला, सुलट दिसला तर सुलट, उलट दिसला तर उलट. ५ सेंटीमीटर झाले की पुन्हा गोल जोडा. मधे राहिलेली उभी फट म्हणजे अंगठ्याची जागा.

५. आणखी ३ सेंटीमीटर विणा आणि टाके बंद करा. बंद करताना ८ नंबरची सुई घ्या, म्हणजे कड आवळली जाणार नाही. दुसरा मोजा अगदी असाच. डावा-उजवा भानगडच नाही.

लांबी झाली ३३ सेंटीमीटर, साधारण १०० फेरे. म्हणजे एका हाताचे ४,८०० टाके, दोन्हींचे ९,६००. नवख्या हाताला मिनिटाला वीस टाके जमले तरी आठ तास. आपल्या ऑफिसची एक शिफ्ट. किंवा गावाकडे रात्रीच्या विजेची एक पाळी म्हणा.

वापरताना

बाइकवाल्यांनो, नुसते लोकरीचे मोजे घालून हायवेवर जायचं नाही. पडल्यावर लोकर हात वाचवत नाही. रायडिंग ग्लोव्ह्जच्या आत हे घाला. जॅकेटची बाही आणि ग्लोव्ह यांच्या फटीतून घुसणारा वारा थांबतो.

शेतात वापरणाऱ्यांना एक गोष्ट निक्षून सांगा. ओला मोजा घालून स्टार्टरला हात लावायचा नाही. आणि पट्टा, चाफकटर असं काही फिरतं यंत्र जवळ असेल तर मोजे आधी काढून ठेवायचे.

खरी लोकर असेल तर गार पाण्यात हलक्या हातानं धुवा. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवे वाळवा. टांगले की लांबतात.

पहिला जोड स्वतःसाठी करा, हात बसेल. दुसरा जोड ज्यांच्या रात्रीच्या पाळीवर आपली फी भरली गेली, त्यांच्यासाठी. घरी फोन केलात तर आप्पा म्हणतीलच, “कशाला गं हा खटाटोप? इतकी वर्षं काय मोजे घालून पाणी भरलं का?” वाद घालू नका. आईला फोन द्यायला सांगा आणि त्यांच्या हाताचा घेर कोपराखाली किती भरतो, मनगटाला किती भरतो, तेवढं सुतळीनं मोजून कळवायला सांगा. शेतात राबलेला हात जाड असतो, ४८ऐवजी ५२ किंवा ५६ टाके लागतील. टाक्यांची संख्या चारनं भागली गेली पाहिजे, बस्स.