शेवटची भाकरी

उदगीरच्या जुन्या वस्तीतील काही घरांतून अद्यापही तव्यावरची पहिली भाकरी गाईसाठी आणि अखेरची कुत्र्यासाठी काढून ठेवतात. परंतु ज्या गल्ल्यांतून ही रीत मोडली, तेथे कुत्र्याच्या वाट्यास मैद्याचे बिस्कीट नाहीतर खाटकाच्या दुकानापुढील हाडे येतात, आणि त्यामुळे त्या मुक्या जिवाची जी हानी होते तिची दखल कोणी घेत नाही, याचा मला मनापासून खेद होतो.

हाडांवरच पोसलेले कुत्रे पहाटे रस्त्याच्या कडेला पाठ वाकवून कितीतरी वेळ कुंथत राहते, आणि अखेर खडूसारखा पांढरा, काठी लागताच भुगा होणारा कोरडा खडा पडतो, हे ज्याने पाहिले असेल, त्यास ‘कुत्रा मांसाहारी, त्याला चोथा कशाला?’ हा युक्तिवाद पटणार नाही. चोथा, म्हणजे तंतुमय अंश, कुत्र्याच्या पाचकरसांस दाद देत नाही हे खरे. पण मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जंतू त्याचा काही भाग आंबवून जी मेदाम्ले निर्माण करतात, त्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते, आणि उरलेला भाग पाणी धरून मळास आकार देतो.

लांडग्याहून कुत्र्याच्या अंगी पिष्ट पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात, हे २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले. तेव्हा माणसाच्या धान्यावरील कुत्र्याचा हक्क हजारो वर्षांच्या वहिवाटीचा आहे.

तथापि नुसत्या भाकरीवर कुत्रे जगवू नये. प्रथिनांवाचून ते खंगते, आणि चोथा अति झाला तर खनिजांचे शोषणही घटते. ज्वारीची भाकरी कुस्करून तीत उकडलेले अंडे किंवा बिनहाडाचे शिजविलेले मांस आणि चमचाभर उकडलेला लाल भोपळा कालवावा. कांदा-लसणाचा रस्सा मात्र कटाक्षाने टाळावा, कारण तो त्याच्या रक्तपेशींचा नाश करतो. इसबगोल द्यावयाचा तर पशुवैद्यास विचारून, भरपूर पाण्यातच.

ज्या मुलखात देवणी बैलाच्या वैरणीची चौकशी पाहुण्याच्या ख्यालीखुशालीआधी होते आणि १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे कुत्र्याच्या आहाराचा सुबोध मराठी तक्ता नगरपरिषदेने चौकाचौकांत लावावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे. तोवर दाराशी भाकरी ठेवणाऱ्यांनी शेजारी पाण्याची परातही ठेवावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाण्यावाचून तोच चोथा आतड्यात घट्ट बसतो.