काच बसवली, धुणार कोण?

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. मारुती चौकाजवळचं माझं काचेचं दुकान तेव्हा छातीभर पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर शटर उचललं, तर स्टँडवरच्या काचा होत्या तशा उभ्या. एकही फुटली नव्हती. काचेला पाण्याचं कसलं भय, असं म्हणून मी घराकडे वळलो. गाळ उपसायचा होता, आईची औषधं आणायची होती, पंचनाम्याला थांबायचं होतं. दुकानातल्या थप्पीला हात लावेपर्यंत तीन आठवडे गेले.

काचा एकमेकींना चिकटल्या होत्या. मधल्या कागदाचा लगदा झाला होता. एकेक सुटी करून नळाखाली धरली. गाळ भराभर निघाला. बाहेरच्या बाजूच्या काचा धुतल्याबरोबर लख्ख झाल्या. आतल्या काचा उजेडाकडे धरल्या, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. त्यांच्यावर पांढुरका पडदा होता आणि कडेला रॉकेलच्या तवंगासारखे जांभळे-हिरवे रंग. साबण लावला, लिंबू चोळलं, व्हिनेगर ओतलं. पडदा हलेना. बोट फिरवलं, तर वर काहीच लागत नव्हतं. वडिलांनी एक काच हातात घेतली, तिरपी करून पाहिली आणि म्हणाले, “ही मेली. हिच्यावर काही बसलेलं नाही, हिचंच काहीतरी गेलंय.”

पस्तीस वर्षं काच कापून जे नीट कळलं नव्हतं, ते त्या दिवशी कळलं. काचेवर मळ बसतो आणि काच झिजतेही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मळ धुता येतो. झीज धुता येत नाही. आणि मळ वेळेवर धुतला नाही, तर तोच झिजेला वाट करून देतो.

हे कसं होतं ते सांगतो. खिडकीची साधी काच म्हणजे जवळजवळ तीन भाग वाळू आणि उरलेल्या एका भागात मुख्यतः सोडा व चुना. सोडा घातल्यामुळे वाळू कमी तापमानाला वितळते, पण तोच सोडा काचेचा कच्चा दुवा. काचेवर पाणी साचून राहिलं की वरच्या थरातला सोडा हळूहळू त्यात उतरतो. मग ते पाणी पाणी राहत नाही, क्षार होतं, आणि तीव्र क्षार वाळूचा सांगाडाच खायला लागतो. उघड्या खिडकीवर पाऊस पडतो, क्षार वाहून जातो, काच वाचते. थप्पीतल्या दोन काचांमध्ये अडकलेल्या पाण्याला जायला जागा नसते. माझ्या दुकानात नेमकं हेच झालं. बाहेरच्या काचा पुरातून वाचल्या होत्या. आतल्या काचा पुरानंतर, माझ्या तीन आठवड्यांत मेल्या. त्या मी लगेच सुट्या केल्या असत्या, तर बऱ्याचशा वाचल्या असत्या.

हे सगळं वर्तमानपत्रात लिहायचं कारण माझं दुकान नाही. कारण एक शाळा आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण अशा शाळा गावोगाव आहेत.

त्या शाळेत एक फुटलेलं तावदान बदलायला गेलो होतो. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर कडक ऊन होतं, आणि वर्गात चारही ट्यूब चालू होत्या. जुनी काच काढून साधी 4 एमएमची काच बसवली, बीडिंग ठोकलं. खाली उतरून पाहतो, तर त्या तावदानाखालच्या बाकावर उजेडाचा चौकोन पडला होता. शेजारच्या बाकांवर तसा चौकोन नव्हता. बाईंनी विचारलं, “ही कुठली वेगळी काच आहे का?” मी म्हटलं, “नाही बाई, काच तीच आहे. फक्त स्वच्छ आहे.”

मग बादली मागून घेतली आणि त्या खिडकीची उरलेली सात तावदानं धुतली. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघालं. रस्त्याची धूळ, उसाच्या ट्रॅक्टरांचा धूर, सगळं वर्षानुवर्षं तिथं थापलं गेलं होतं. पाच तावदानं उजळली. दोन राहिली. इमारत बांधताना गिलाव्याचं पाणी त्यांच्यावर ओघळलं होतं आणि ते कुणी पुसलं नव्हतं. सिमेंटचं पाणी मुळातच क्षारयुक्त असतं. थप्पीत सोड्याला वेळ लागतो, ते काम हे पाणी थेट करतं. उद्घाटनाची फीत कापली गेली, तेव्हाच ती दोन तावदानं गेलेली होती.

स्वच्छ साध्या काचेतून सुमारे 90 टक्के उजेड आत येतो. उरलेल्यातला बहुतेक उजेड काचेच्या दोन पृष्ठभागांवरून परत फिरतो. त्यावर आपला इलाज नाही. इलाज आहे तो मळावर. इमारतींचा उजेड मोजणारे लोक स्वच्छ वस्तीतल्या उभ्या काचेसाठी मळापोटी साधारण दहा टक्के घट धरतात आणि छतातल्या आडव्या काचेसाठी साधारण तीस. हे काच मधूनमधून धुतली जाते असं मानून. आपल्या सार्वजनिक इमारतींत अनेक तावदानं बसवल्या दिवसापासून पुसलेली नसतात.

मळ आणि झीज उजेडाचं नुकसानही वेगवेगळं करतात. काजळी आणि धूळ उजेड गिळतात. तो वर्गात पोचतच नाही. झिजलेली काच उजेड फारसा गिळत नाही, ती तो विखुरते. न्हाणीघराच्या दुधी काचेतून पलीकडचं दिसत नाही, पण उजेड भरपूर येतो, तसंच. म्हणून वर्गाला जास्त नडतो तो मळ, आणि गाडीच्या ड्रायव्हरला नडतो तो विखुरलेला उजेड. पुढच्या काचेवर कोरड्या धुळीतून वायपर फिरला की बारीक ओरखडे उठतात. दिवसा ते जाणवत नाहीत. रात्री समोरून हेडलाइट आला की तेच ओरखडे पेटतात आणि रस्त्यावरचा माणूस दिसेनासा होतो. मोटार वाहन नियमांत पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड गेला पाहिजे, असं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये काळ्या फिल्मवर बंदी आणली, ते योग्यच झालं. पण ओरखडे पडलेली काच 70 टक्क्यांची अट पार करूनही रात्री ड्रायव्हरला आंधळं करू शकते. त्याची तपासणी कुणी करायची?

कुणी म्हणेल, आता एलईडी स्वस्त झाले, लावा आणखी एक ट्यूब. वीज तोडलेल्या शाळांच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. तिथं दुपारी दोन वाजता फळ्यावरचं गणित मुलाला दिसणार ते खिडकीतून येणाऱ्या उजेडातच. तो उजेड फुकट आहे, दारापर्यंत आलेला आहे, आणि आपण एका फडक्यासाठी तो परत पाठवतो.

माझी आजी कराडजवळच्या खेड्यात राहायची. घरात ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता. रोज दिवेलागणीच्या आधी ती काच उतरवायची, चुलीतली चाळलेली राख फडक्यावर घ्यायची, आत मूठ घालून काजळी पुसायची आणि मग फुंकर मारून काच डोळ्यांसमोर धरायची. एकही दिवस चुकला नाही. रॉकेल मोजून मिळायचं. मळक्या काचेमागे वात मोठी करणं तिला परवडणारं नव्हतं. आज आपण नेमकं तेच करतो, काच तशीच ठेवून वात मोठी करतो.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. शाळा, दवाखाना, बसस्थानक यांच्या कामाच्या अंदाजपत्रकात काच बसवण्याची ओळ असते, तशी ती धुण्याची ओळ हवी. वर्षातून तीन वेळा तरी: पावसाळा संपल्यावर, थंडीतली धूळ बसल्यावर आणि परीक्षांच्या आधी. बाहेर चढून धुणं हे मुलांचं काम नाही, त्यासाठी माणूस आणि त्याची मजुरी हवी. गिलावा चालू असताना काच प्लास्टिकने झाकायची, आणि ओघळ आलाच तर सुकण्याआधी धुवायचा, ही अट ठेकेदाराच्या करारात हवी. बागेच्या फवाऱ्याचं बोअरचं पाणी काचेवर उडू द्यायचं नाही. ते सुकलं की क्षारांचे ठिपके राहतात, आणि रोज उडत राहिलं तर एक दिवस लिंबानेही निघत नाहीत.

आणखी एक गोष्ट नकाशा काढणाऱ्यांसाठी. खिडकीला बाहेरून ग्रिल आणि आतून पक्की जाळी ठोकली की काचेच्या बाहेरच्या बाजूला कुणाचाच हात पोचत नाही. ती खिडकी बसवली त्या दिवसापासून मळायला सोडलेली असते. कागदावर खिडकी काढताना फडकं धरलेला हातही डोळ्यांसमोर आणा.

पुरातल्या त्या मेलेल्या काचांपैकी एक मी भंगारात दिली नाही. ती काउंटरमागे भिंतीला टेकवून ठेवली आहे. गिऱ्हाईक नवी काच घ्यायला आलं की दोन्ही काचा खिडकीकडे धरून दाखवतो आणि बिलावर खाली शिक्का मारतो: “सिमेंटचं पाणी सुकण्याआधी काच धुवा.” गेल्या महिन्यात त्याच शाळेतून आणखी चार तावदानांची मागणी आली. बिलावर शिक्का मारला, आणि त्याखाली पेनने लिहिलं की उरलेल्या खिडक्या धुवायला रविवारी मी दोन माणसं घेऊन येतो, फक्त जाळ्या उघडून ठेवा.