माळ ओसाड नसतो

मराठी कथा-कादंबरीत उदासी उभी करायची असली की लेखक हमखास माळ पसरतो. 'उजाड माळ', 'ओसाड माळरान', 'भकास माळ' हे शब्दप्रयोग इतके रुळले आहेत की विशेषणाशिवाय माळ आला तरी वाचक ते मनातल्या मनात जोडून घेतो. महसुली दप्तराने याच माळाला 'पडीक' म्हटले. साहित्याने दिलेले विशेषण आणि दप्तराने केलेली नोंद यांचा परस्परांशी संबंध नाही असे कोणी म्हणेल. परंतु दोहोंचा निवाडा एकच आहे. या जमिनीवर काही नाही, म्हणून तिचे काहीही करावे. या निवाड्याचा सर्वांत मोठा बळी म्हणजे माळढोक.

माळावर काय नसते? कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते तिथे असतात; त्यांची मुळे पातळ माती धरून ठेवतात आणि चार पावसांत सारे रान हिरवे करतात. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक, तणमोर हे माळाचेच रहिवासी. धनगरांची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या याच गवतावर जगली. आणि या सर्वांत मीटरभर उंचीचा, नर असेल तर पंधरा किलोपर्यंत भरणारा माळढोक. उडणाऱ्या पक्ष्यांतील अत्यंत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, शेतातले दाणे हा त्याचा आहार. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे चार आठवडे एकटीच उबवते. दूरवर नजर जाईल असे मोकळे रान हेच तिचे संरक्षण. असा पक्षी झाडीत जगत नाही, गर्दीतही जगत नाही.

'पडीक' हा शब्द निसर्गाच्या निरीक्षणातून आलेला नाही. जी जमीन सारा देत नाही ती निरुपयोगी, हा वसाहतकालीन महसूलव्यवस्थेचा हिशेब होता. राज्यकर्ते गेले, हिशेब राहिला. १९८५ मध्ये देशात राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. माळ 'सुधारण्यासाठी' त्यावर सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया लावण्यात आली. वृक्षारोपण हे इतके निर्विवाद पुण्यकर्म मानले जाते की गवताच्या जागी झाड लावणे हाही एक विध्वंस असू शकतो, हे सांगणारा माणूसच पर्यावरणाचा वैरी ठरतो. उरलेला माळ नांगराखाली गेला, कालव्याच्या पाण्याने उसाखाली गेला, कारखान्यांखाली आणि वस्त्यांखाली गेला. यातल्या प्रत्येक वेळी कागदावर नुकसान शून्य होते. कारण कागदावर तिथे मुळातच काही नव्हते.

पक्ष्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. राजस्थानात गोडावण, गुजरातेत घोराड, मध्य भारतात सोनचिडिया अशी नावे मिळवण्याइतका तो एके काळी देशभर पसरलेला होता. १९६९ मध्ये त्याची संख्या सुमारे १,२६० असावी असा अंदाज होता. आज ती दीडशेच्या आसपास सांगितली जाते आणि त्यांतले बहुतेक पक्षी थरच्या वाळवंटात आहेत. बंदुका आणि जीपगाड्या घेऊन झालेल्या शिकारीने त्याची मोठी हानी केली, हे खरेच. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी झाली, पक्ष्याला सर्वोच्च संरक्षण मिळाले आणि तरीही घट थांबली नाही. पक्ष्याला संरक्षण देताना त्याच्या माळाला ते मिळाले नव्हते.

सालिम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाचा पुरस्कार केला होता. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. मोराच्या पाठीशी काव्य होते, देवळे होती. माळढोकाच्या पाठीशी केवळ माळ होता.

अभयारण्ये झाली नाहीत असे नाही. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत नान्नज परिसर धरून १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावे आली, शेते आली, रस्ते आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधाशेजारी हा पक्षी निर्धास्त चरत असे, त्यालाच तो अडचण वाटू लागला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर अविश्वास रुजला होता. आता तिथे एखाद-दुसरा पक्षी दिसला तरी बातमी होते. मध्य प्रदेशातील करेरा येथेही १९८१ मध्ये अभयारण्य झाले. १९९० च्या दशकातच तिथला माळढोक नाहीसा झाला. दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे. पण नकाशावर रेघ ओढताना ज्याला कोणी विचारले नाही, त्याच्याकडून ममतेची अपेक्षा करणे हा अप्रामाणिकपणा आहे.

थरमधला धोका अधिक आधुनिक आणि अधिक सोज्ज्वळ आहे. सूर्य आणि वारा यांची वीज वाहून नेणाऱ्या तारा माळढोकाच्या वाटेत आल्या. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात, समोरचे त्याला कमी दिसते आणि जड देह ऐनवेळी वळत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिवासातील तारा शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आणि इतरत्र पक्ष्यांना सावध करणारी साधने बसवण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये, सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात सरसकट तसे करणे व्यवहार्य नाही म्हणून आदेशात बदल होऊन तज्ज्ञ समिती नेमली गेली.

हवामान बदल रोखण्यासाठी ही वीज हवी, हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. कोळसा जाळत राहिल्याने माळढोक वाचणार नाही. परंतु ती वीज नेमकी माळावरच का निर्माण व्हावी, या प्रश्नाचे उत्तर विज्ञानात नसून दप्तरात आहे. माळ स्वस्त आहे. कारण तो पडीक आहे. थरमधली ओरणे, म्हणजे गावांनी देवाच्या नावाने राखलेली गवताळ राने, त्यांतीलही अनेक सरकारी नोंदीत अशाच रिकाम्या जमिनी ठरतात. शहरांतली छपरे मोकळी ठेवून तिथे तारा ओढणे याला अपरिहार्यता म्हणता येत नाही.

जैसलमेरजवळ सम येथे २०१९ पासून माळढोकाच्या संवर्धनासाठी प्रजननकेंद्र चालते. २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पिल्लूही जन्माला आले. ही कामगिरी मोठीच आहे, आणि तिच्यामुळेच मूळ प्रश्न अधिक टोकदार होतो. हे पिल्लू मोठे झाल्यावर सोडायचे कुठे? पिंजऱ्यात वंश टिकतो. माळ टिकत नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती नोंदवहीत व्हावी. गवताळ माळाला वनासारखीच स्वतंत्र मान्यता मिळावी, त्यावर झाडे लावण्याला सुधारणा म्हणू नये आणि त्याच्या भवितव्याचा निर्णय तिथल्या मेंढपाळाला व शेतकऱ्याला वगळून होऊ नये. दुसरी दुरुस्ती साहित्याच्या वाट्याची आहे. ज्या भाषेने या पक्ष्याला त्याच्या घराचे नाव जोडून 'माळढोक' म्हटले, त्या भाषेला ते घर ओसाड म्हणत राहण्याचा अधिकार उरत नाही. आजवर ते विशेषण खोटे होते. उद्या ते खरे ठरले, तर त्याचे श्रेय केवळ दप्तराला देता येणार नाही.