पावती कुठंय?

२०२० च्या मार्चात दिल्लीनं भाव बांधला. ३ पदरी मास्क १० रुपयांवर नाही, २०० मिलिलिटर सॅनिटायझर १०० वर नाही. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा. ७ वर्षांपर्यंत कैद. वा रं कायदा!

खाडीपल्याड गोराईत आमच्या वस्तीला दुकान एकच. बोरिवली गाठावी तर पोलिसाची काठी. शेठनं तोच मास्क ३० ला दिला. वर म्हणतो, 'नको तर ठेव.' तक्रार करा म्हणे! त्याच्याच वहीत आईची उधारी. उधारीवाल्याला पावती कोण देतो? आणि पावतीबिगर ठाण्यात कोण उभं करतो? हा कायदा रोखीवाल्यांचा आहे, दोस्तांनो.

भाव बांधला, मग माल रेशनवर का नाही आणला? रेशनकार्ड तरी होतं आमच्याकडं.