विसराळूपणा ओळखणारं मशीन येतंय. पण पहिली खूण घरातच दिसते

कळस (ता. इंदापूर) : आबा रोजच्यासारखे उसाला पाणी द्यायला गेले. चाळीस वर्षं ज्या बांधावरून ये-जा केली, तिथूनच घरची वाट चुकले. घरच्यांनी शोधून आणलं. "वय झालंय, व्हायचंच," असं म्हणून विषय संपला. कळसच काय, इंदापूर-बारामतीच्या कुठल्याही गावात असा प्रसंग नवा नाही. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण तर आपल्या तोंडात बसलेलीच आहे. इथंच चूक होते. वाट चुकणं हे नुसतं वय नसतं, तो आजार असू शकतो. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हा त्यातला सर्वात जास्त आढळणारा प्रकार.

मेंदूचा स्कॅन कॉम्प्युटरला दाखवला की तो हा आजार लवकर ओळखतो, अशा बातम्या सध्या मोबाईलवर फिरत आहेत. त्यात तथ्य आहे. पण गावातल्या माणसाला त्याचा उपयोग कधी आणि कसा होणार, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

आजार शहराचा नाही, गावाचा जास्त

देशभरातील ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीवर आधारित अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. शहरात हे प्रमाण ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. शाळेचं तोंड न पाहिलेली पिढी, अंगावर काढलेलं ब्लड प्रेशर आणि शुगर, तंबाखू-मिश्री, कमी झालेलं ऐकू येणं, या सगळ्यांनी धोका वाढतो.

मशीन शिकतं तरी कसं?

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीनं उसात एआय आणलं, हे आपल्या भागात माहीत आहे. उपग्रहाचा फोटो, जमिनीतला सेन्सर आणि हवामानाची माहिती एकत्र करून, कुठल्या तुकड्यात ऊस ताणावर आहे हे डोळ्याला दिसायच्या आधी कळतं. मेंदूचंही तसंच.

अल्झायमरमध्ये मेंदूचे काही भाग हळूहळू आक्रसतात. नवीन आठवण साठवणारा हिपोकॅम्पस नावाचा भाग त्यात लवकर सापडतो. सुरुवातीचा फरक इतका बारीक असतो की डॉक्टरांच्या नजरेतूनही सुटू शकतो. कॉम्प्युटरला हजारो स्कॅन दाखवतात. हा आजारी माणसाचा, हा निरोगी माणसाचा, असं प्रत्येकावर लिहिलेलं असतं. त्यातून तो फरक शिकतो आणि नव्या स्कॅनबद्दल अंदाज सांगतो. यालाच मशीन लर्निंग म्हणतात.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एकाच एमआरआयवरून अल्झायमर आहे की नाही हे ९८ टक्के वेळा बरोबर सांगणारी पद्धत मांडली. त्यांनी मेंदूचे ११५ भाग पाडून प्रत्येकाचा आकार आणि पोत मोजला. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकनं २०२५ मध्ये 'स्टेटव्ह्यूअर' नावाची प्रणाली जाहीर केली. ती एका पेट स्कॅनवरून डिमेन्शियाचे नऊ प्रकार ओळखायला मदत करते. ३,६०० हून अधिक स्कॅनवर ती शिकवली आणि तपासली; ८८ टक्के वेळा तिनं प्रकार बरोबर सांगितला.

मग सगळ्यांचाच स्कॅन का करू नये?

आकडे ऐकून वाटेल, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना गाडीत घालून न्यावं आणि स्कॅन काढावा. इथं हिशोब करून बघा.

समजा, हजार ज्येष्ठ आहेत. ग्रामीण प्रमाणानं त्यातल्या ८४ जणांना आजार. मशीन १०० पैकी ९० वेळा बरोबर, असं धरू. आजारी ८४ पैकी ७६ सापडतील, ८ सुटतील. उरलेल्या ९१६ धडधाकट माणसांपैकी मात्र ९२ जणांना मशीन उगाच आजारी ठरवेल. म्हणजे 'आजार आहे' असा रिपोर्ट मिळालेल्या १६८ जणांपैकी निम्म्याहून जास्त लोक ठणठणीत असतील. त्यांच्या घराची झोप उडेल, पैसा जाईल.

आता दुसरा हिशोब. लक्षणं दिसतात म्हणून डॉक्टरांनी निवडून पाठवलेले १०० जण आहेत आणि त्यातले ५० खरंच आजारी आहेत. तेच मशीन ४५ जणांना बरोबर ओळखेल आणि फक्त ५ जणांना चुकीचं आजारी म्हणेल. मशीन तेच, पण आधी माणसानं निवड केल्यामुळं त्याचा उपयोग कितीतरी वाढला. ही निवड घरात आणि गावातच होऊ शकते.

शिकलं कुणाच्या मेंदूवर?

दुसरा मुद्दा तितकाच महत्त्वाचा. इम्पीरियलचं मशीन मुख्यतः अमेरिकेतल्या रुग्णांच्या स्कॅनवर शिकलं. हैदराबादच्या ट्रिपल आयटी संस्थेनं २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. पाश्चात्त्य, चिनी आणि कोरियन मेंदूंपेक्षा भारतीय मेंदू सरासरीनं लांबी-रुंदीत आणि आकारमानात लहान असल्याचं त्यात दिसलं. याचा बुद्धीशी संबंध नाही. पण परक्या मापानं मोजलं, तर निरोगी मेंदूही आक्रसलेला वाटू शकतो. दुसऱ्याच्या जमिनीचा माती परीक्षण रिपोर्ट बघून आपल्या रानात खत टाकण्यासारखंच ते.

म्हणूनच कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपुरा तालुक्यात चाललेलं काम मोलाचं आहे. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चनं तिथं ४५ वर्षांवरच्या १० हजार ग्रामस्थांचा वर्षानुवर्षं मागोवा घेण्याचं ठरवलं आहे. खेड्यातला मेंदू कसा म्हातारा होतो, हे त्यातून कळेल. ऊस तोडलेल्या, दुष्काळ सोसलेल्या आपल्याकडच्या माणसांचे स्कॅनही अशा अभ्यासात आले, तरच उद्याचं मशीन त्यांच्याबद्दल खात्रीनं बोलेल.

आशाताईंच्या फॉर्ममध्ये प्रश्न आहेच

मशीन येईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का, हा त्यातलाच एक. हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला एकट्याला विचारून भागत नाही. विसरणाऱ्याला आपण विसरतो हेच ठाऊक नसतं. उत्तर सुनेनं, मुलानं, नातवानं खरं द्यायला हवं. "नाही हो, आमचे आबा एकदम ठीक" म्हणून झाकलं, की साखळी तिथंच तुटते.

चष्मा कुठं ठेवला ते विसरणं चालायचंच. पण तोच प्रश्न तासात पाचदा विचारणं, पैशांचा व्यवहार न जमणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, चुलीवरचं विसरणं, स्वभाव एकदम बदलणं, हे सहा महिन्यांत वाढत गेलं तर डॉक्टरांना दाखवा. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून इंदापूर किंवा बारामतीचं सरकारी रुग्णालय.

यात आशेची बाजूही आहे. प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. बी-१२ कमी असणं (शाकाहारी, माळकरी घरांत हे बऱ्याचदा आढळतं), थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त यांनीही माणूस भ्रमल्यासारखा होतो. हे रक्ताच्या साध्या तपासणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये कळतं आणि उपचारानं सुधारू शकतं.

लवकर कळून फायदा काय?

अल्झायमर बरा करणारं औषध आज नाही. मग कळून उपयोग काय, असं कुणीही विचारेल. उपयोग आहे. कायद्यानं कागदावर सही-अंगठा करताना माणूस शुद्धीत आणि समजून करणारा असावा लागतो. डोकं ठिकाणावर नसताना घेतलेल्या अंगठ्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. आजार सुरुवातीलाच कळला, तर जमिनीचं वाटप, मृत्युपत्र, बँकेतला वारस हे सगळं तो माणूस स्वतःच्या तोंडानं सांगू शकतो. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे त्याचा हक्क त्याच दिवशी संपत नाही, हेही लक्षात ठेवावं.

शिवाय विहिरीला आणि कालव्याच्या कडेला कुणीतरी सोबत ठेवता येतं, खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवता येते. "मुद्दाम करतोय" म्हणून होणारी चिडचिड थांबते. लॅन्सेटच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये सांगितलं, की शुगर, ब्लड प्रेशर, तंबाखू, बहिरेपणा, एकटेपणा अशी १४ कारणं आवरली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबू शकतो. त्यासाठी स्कॅन लागत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाईनही आहे.

स्कॅन वाचणारं मशीन आज ना उद्या बारामतीत येईल. पण आबांना तिथंपर्यंत कुणी न्यायचं, हे घरातल्या माणसांनाच ठरवावं लागेल. त्यासाठी आधी "वय झालंय" म्हणणं थांबवायला हवं.